मोकळ्या माळावरची पहिली शिकार: वायोमिंगमध्ये प्राँगहॉर्नच्या मागावर जाण्याआधी

नान्नज, रेहेकुरीच्या माळांवर काळवीट बघत मोठा झालेला माणूस अमेरिकेतल्या पूर्व वायोमिंगमध्ये पहिल्यांदा गाडीतून उतरतो, तेव्हा जमीन त्याला ओळखीची वाटते. वाळलेलं गवत, मैलोन्‌मैल झाड नाही, वारा क्षणभर थांबत नाही आणि लांबवर उन्हात हलणारे पांढरे ठिपके. ते ठिपके म्हणजे प्राँगहॉर्न. इथले लोक त्याला सरसकट ‘अँटिलोप’ म्हणतात, पण ते काळविटाच्या कुळातलं नाही. त्याच्या कुळात आज तो एकटाच उरला आहे आणि जिवंत प्राण्यांत त्याचे जवळचे नातलग म्हणजे जिराफ आणि ओकापी. शिंगाचं बाहेरचं कवच तो दरवर्षी टाकतो, आतला हाडाचा गाभा तेवढा राहतो. पळतो ताशी ८० किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाला पूर्ण संरक्षण दिलं आहे. त्याची शिकार गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. इथली गोष्ट वेगळी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्राँगहॉर्न संपण्याच्या बेतात होता. शिकार बंद झाली, कळप वाढले, मग मोजून परवाने देणं सुरू झालं. परवान्यांचा पैसा आणि १९३७ च्या संघीय कायद्याने बंदुका-काडतुसांवरच्या करातून येणारा पैसा वन्यजीवांच्याच कामी लागतो. वायोमिंगमध्ये आज हा प्राणी लाखांच्या संख्येत आहे. २०२२-२३ च्या भयंकर हिवाळ्यात राज्याच्या पश्चिम भागात कळपच्या कळप मेले, तेव्हा राज्याच्या वन्यजीव खात्याने तिथले परवाने कापले. ही व्यवस्था मला पटते, म्हणूनच मी शिकारीला जातो.

शेजारच्या कोलोरॅडो राज्यातल्या, डेन्व्हरकडच्या ओळखीतल्या अनेकांनी मला सुरुवात कुठून करायची ते विचारलं आहे. सगळ्यांना वाटतं, अवघड काम जनावर सापडणं. तसं नाही. या माळावर जनावर सकाळी आठ वाजता गाडीतूनही दिसतं. ते उभं आहे ती जमीन कुणाची हे कळायला वेळ लागतो, आणि पडल्यावर त्याचं मांस थंड करायला घाई लागते. तयारीचा बहुतेक भाग या दोन गोष्टींचाच आहे.

सगळ्यात आधी व्हिसा

आपल्या लोकांसाठी हा मुद्दा पहिला. एच-१बी, एच-४, एफ-१ अशा बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूक आणि काडतूस बाळगायला मनाई आहे. मित्राची रायफल नुसती हातात घेऊन नेमबाजीच्या मैदानावर उभं राहणंही त्यात येतं. याला अपवाद आहे: कुठल्याही राज्याने रीतसर दिलेला, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना जवळ असेल तर चालतं. म्हणजे या लोकांनी आधी परवाना घ्यायचा आणि मगच बंदुकीला हात लावायचा. परवान्याची मुदत संपली की ती मोकळीकही संपते. ग्रीनकार्ड असेल तर ही अडचण नाही. शंका असेल तर वकिलाला विचारा. यात चूक झाली तर प्रश्न दंडाचा राहत नाही, इथल्या मुक्कामाचा होतो.

दुसरी गोष्ट शिकार-सुरक्षेच्या कोर्सची. १ जानेवारी १९६६ किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला वायोमिंगमध्ये शिकार करायला हे प्रमाणपत्र लागतं. एका राज्याचं प्रमाणपत्र दुसऱ्या राज्यात चालतं. ज्यांनी आयुष्यात बंदूक धरलेली नाही त्यांनी नुसत्या ऑनलाइन कोर्सवर भागवू नये, वर्गात जावं. बंदूक नेहमी भरलेलीच आहे असं समजून वागायचं, नळी कुणाकडे वळवायची नाही, नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर ठेवायचं, लक्ष्यामागे काय आहे ते बघायचं, हे कुणीतरी समोर उभं राहून दहा वेळा करून घ्यावं लागतं.

परवाना: जूनच्या सुरुवातीची मुदत चुकवू नका

परराज्यातल्या माणसाला वायोमिंगचा प्राँगहॉर्नचा परवाना सोडतीतून मिळतो. अर्जाची मुदत साधारण जूनच्या सुरुवातीला संपते, निकाल जूनच्या मध्यात लागतो आणि उरलेले परवाने जुलैत विकायला निघतात. तारखा आणि दर बदलत असतात, म्हणून त्या त्या वर्षीची माहिती वायोमिंग गेम अँड फिश खात्याच्या संकेतस्थळावरच बघा. परवान्यावर विभागाचा क्रमांक असतो आणि शिकार त्याच विभागात करायची असते.

नवख्याने नर मिळवायच्या हट्टाला पेटू नये. नर-मादी काहीही चालेल असा परवाना परराज्यातल्याला तीनशे डॉलरच्या वर जातो आणि चांगल्या विभागात तो मिळायला काही वर्षं प्राधान्य-गुण, म्हणजे सोडतीत पुढचा नंबर मिळवून देणारे गुण, साठवावे लागतात. फक्त मादी किंवा पिल्लाचा परवाना याच्या जवळपास दहाव्या हिश्श्यात मिळतो. शिकण्यासाठी तोच योग्य. मांस तेवढंच चांगलं, आणि पहिल्याच वर्षी शिंगांच्या मागे लागून माणूस न झेपणाऱ्या अंतरावरून गोळी झाडायचं धाडस करत नाही.

इथे एक खाच आहे. जुलैत उरलेल्या परवान्यांची यादी बघितली की एखाद्या विभागात मादीचे शेकड्यांनी परवाने शिल्लक दिसतात. माणूस हरखून घेऊन टाकतो. ते शिल्लक का राहिले याचा विचार करा. बहुतेकदा त्या विभागात जवळजवळ सगळी जमीन खासगी असते आणि आत शिरायला वाव नसतो. अर्जाच्या पुस्तिकेतही असे विभाग खूण करून दाखवलेले असतात. आधी नकाशा उघडायचा, जमीन बघायची आणि मग परवाना घ्यायचा.

जमीन कुणाची

पूर्व वायोमिंगचा नकाशा म्हणजे ठिगळांची गोधडी. केंद्र सरकारच्या भू-व्यवस्थापन खात्याची जमीन नकाशावर पिवळी, राज्याची निळी, आणि पांढरी म्हणजे खासगी. दक्षिणेला रेल्वेच्या पट्ट्यात तर हे सगळं बुद्धिबळाच्या पटासारखं आहे, कारण १८६० च्या दशकात सरकारने रेल्वे कंपनीला रुळांच्या दोन्ही बाजूंचे एक चौरस मैलाचे तुकडे एकाआड एक दिले होते. दोन सरकारी तुकड्यांचे फक्त कोपरे टेकतात, तिथून पाऊल टाकून पलीकडे जाता येतं का यावर वर्षानुवर्षं वाद होता. खासगी जमिनीला पाय न लावता कोपऱ्यावरून ओलांडणाऱ्या शिकाऱ्यांच्या बाजूने २०२५ च्या मार्चमध्ये तिथल्या संघीय अपील न्यायालयाने निकाल दिला. तरीही पहिल्या वर्षी कोपऱ्याच्या भानगडीत पडू नका. सलग सरकारी जमीन शोधा.

डग्लस आणि जिलेट या गावांच्या मधलं थंडर बेसिन राष्ट्रीय गवताळ प्रदेश हे त्यासाठी बरं ठिकाण आहे. १९३० च्या दशकात दुष्काळाने आणि धुळीच्या वादळांनी मोडलेल्या शेतकऱ्यांच्या जमिनी सरकारने विकत घेतल्या, त्यातून असे गवताळ प्रदेश झाले. पण तिथेही मध्ये मध्ये खासगी तुकडे आहेत, म्हणून जीपीएसवर जमिनीच्या हद्दी दाखवणारं ऑनएक्ससारखं ॲप फोनवर हवंच. नकाशा घरूनच डाउनलोड करून न्या, तिथे रेंज नसते. याशिवाय गेम अँड फिश खातं शेतकऱ्यांशी करार करून काही खासगी जमीन शिकाऱ्यांना खुली करतं. काही ठिकाणी पायी जायला सरळ मोकळीक असते, काही ठिकाणी आधी परवानगीचिठ्ठी काढावी लागते.

वायोमिंगमध्ये कुंपणावर ‘प्रवेश बंद’ची पाटी नसली तरी खासगी जमिनीवर विनापरवानगी शिकार करता येत नाही. हद्द माहीत असणं ही तुमची जबाबदारी.

आता शेताचा भाग. उन्हाळ्याच्या शेवटी माळावरचं गवत पिवळं पडतं आणि ओढ्याकाठी पाण्यावर घेतलेला अल्फाल्फा, म्हणजे आपला लसूणघास, तेवढा हिरवा राहतो. मग प्राँगहॉर्नचे कळप संध्याकाळी त्यात उतरतात. जनावरांच्या हिवाळ्याच्या वैरणीसाठी राखलेलं ते पीक असतं. आपल्याकडे ज्वारीत रानडुकरं शिरली की शेतकऱ्याला जे वाटतं तेच इथल्यालाही वाटतं. म्हणूनच नर मारू न देणारे, किंवा त्यासाठी भरपूर पैसे मागणारे शेतकरी मादीच्या परवान्यावर आलेल्या माणसाला पुष्कळदा फुकट आत सोडतात.

परवानगी मागायला हंगामाच्या आदल्या दिवशी जाऊ नका. जुलै-ऑगस्टमध्ये जा, दुपारी, वैरण कापायची धांदल नसेल तेव्हा. शिकारीचा वेश नको, गाडीत चार जण नकोत. गाडी फाटकापासून दूर लावा, कुत्रं भुंकलं तर गाडीपाशीच थांबा. नाव सांगा, कुठून आलात ते सांगा, किती जण, कोणत्या तारखा, कोणता परवाना हे एका दमात सांगा. मला पहिली परवानगी दिली ती साधारण सत्तरीच्या एका बाईंनी. त्या दारातच उभ्या राहिल्या, हातमोजे काढले नाहीत. मी नराचं नावही काढत नाही हे ऐकून त्यांनी फक्त एवढंच विचारलं, “फाटकं लावायची माहीत आहेत का?” फाटक उघडं असेल तर उघडं, लावलेलं असेल तर लावलेलं, जसं असेल तसंच ठेवायचं, असं मी सांगितलं. मग त्यांनी स्वतःच्या बोटाने नकाशावर दाखवलं: इथवर गाडी, इथून पुढे पायी, आणि पाऊस पडला तर गाडी जागची हलवायची नाही.

ती शेवटची अट नीट लक्षात ठेवा. तिथल्या चिकणमातीला ‘गंबो’ म्हणतात. सोलापूरकडच्या काळ्या रानात पावसानंतर गाडी घातलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. चाकं रुततात ती गोष्ट वेगळीच, पण शेतकऱ्याच्या रस्त्याला वर्षभर चाकोऱ्या पडतात आणि पुढच्या वर्षीची परवानगी जाते. वाळलेल्या गवतावर तापलेल्या सायलेन्सरची गाडी उभी करणंही असंच महागात पडतं. वणवा पेटायला तेवढं पुरतं.

नेम

.२४३, ६.५ क्रीडमूर, .२७० यांपैकी कोणत्याही काडतुसाची रायफल पुरते. नवी घेण्यापेक्षा जी घ्याल तिच्यावर वेळ घाला. प्राँगहॉर्न अंगाने लहान असतो, पाठीपासून छातीपर्यंत जेमतेम सव्वा फूट. त्यातली फुप्फुसं-काळजाची जागा नाश्त्याच्या ताटलीएवढी. घरी वीस सेंटिमीटरची कागदी ताटली लावा आणि बाकावर बसून नव्हे, तर जमिनीवर पालथं पडून, बंदुकीला लावलेल्या दोन पायांच्या टेकूवर, धाप लागलेली असताना मारून बघा. ज्या अंतरावर दहापैकी दहा गोळ्या ताटलीत जातात ते तुमचं अंतर. बहुतेक नवख्यांचं ते २०० यार्डांच्या (यार्ड म्हणजे मीटरपेक्षा थोडं कमी) आतबाहेर निघतं. त्यापुढे गोळी झाडायची नाही.

माळावर वारा असतोच. ताशी वीस मैलांचा आडवा वारा ३०० यार्डांवर गोळीला वीतभराहून जास्त सरकवतो. म्हणजे छातीवर धरलेला नेम पोटात बसतो आणि जखमी जनावर पुढच्याच्या जमिनीत निघून जातं. माझ्या दुसऱ्या वर्षी मी हेच केलं. ती मादी दोन तासांनी सापडली, पण ते दोन तास मी विसरलेलो नाही. तेव्हापासून वारा जोराचा असेल तर मी १५० यार्डांच्या आत शिरतो, नाहीतर बंदूक खांद्यावरच राहते. अंतर डोळ्याने मोजू नका. झाड नाही, घर नाही, तुलनेला काहीच नसतं, त्यामुळे अंदाज हमखास चुकतो. अंतर मोजणारा रेंजफाइंडर घ्या.

कळपापर्यंत

रायफलचा हंगाम विभागानुसार सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत असतो. एक दिवस आधी पोहोचा आणि बंदूक न घेता फिरा. कळप कुठे चरतात, पाण्यावर कुठे येतात, कुंपणाखालून कुठून निघतात हे बघा. प्राँगहॉर्न कुंपण सहसा उडी मारून ओलांडत नाही. तारेखालून सरकतो, आणि त्या ठिकाणी माती घासून गुळगुळीत झालेली असते, तारेच्या काट्यांना पोकळ पांढरट केस अडकलेले असतात. अशी एक जागा सापडली की अर्धं काम झालं.

त्याची मदार डोळ्यांवर. डोळे मोठे, डोक्याच्या दोन्ही बाजूंना, त्यामुळे मान न वळवता जवळजवळ चहूकडचं दिसतं. मैलभरावरची हालचाल तो टिपतो. म्हणून टेकाडाच्या माथ्यावर उभं राहायचं नाही. माथ्याच्या अलीकडे थांबायचं, गुडघ्यावर यायचं, आणि फक्त टोपी आणि दुर्बीण वर येईल एवढंच डोकावायचं. सूर्य पाठीशी घ्या. कळप दिसला की लगेच निघू नका. अर्धा तास बघा. बसतोय का, चरत कुठल्या दिशेने सरकतोय, कोणती मादी सतत मान वर करते. त्या मादीची नजर चुकवायची असते. कळप तिच्या मागे जातो.

मग नकाशावर ओघळ शोधा. वरून सपाट दिसणारा हा माळ पावसाच्या ओघळींनी चिरलेला असतो. कळपापासून दीडशे-दोनशे यार्डांवर निघणारी ओघळ सापडली की मैलभराचा वळसा घालून तिच्यात उतरायचं. शेवटचे पन्नास-साठ यार्ड कोपरावर आणि गुडघ्यावर सरकत. इथे फड्या निवडुंग गवतात लपलेला असतो, बोटभर उंचीचा. गुडघ्याला गवंडी लावतात तसे पॅड लावा, कातडी हातमोजे घाला, आणि काटे उपटायला चिमटा खिशात असू द्या. सप्टेंबरच्या उन्हात रॅटलस्नेक बाहेर असतात. हात ठेवायच्या आधी जागा बघा.

कपड्यांचं बोलायचं तर, दुसऱ्या शिकाऱ्यांना तुम्ही दिसावेत म्हणून वरच्या कपड्यांपैकी एक तरी झगझगीत नारिंगी किंवा गुलाबी हवा, टोपी चालते. ती काढून सरकायचा मोह टाळा.

ओघळीच्या काठावर पोहोचलात की श्वास खाली बसू द्या. मादी ओळखा: नराच्या गालावर, जबड्याच्या मागे काळा डाग असतो, मादीला नसतो. मादीलाही बारीक शिंगं असतात, म्हणून नुसत्या शिंगांवर जाऊ नका. जनावर आडवं, एकटं आणि थांबलेलं हवं. मागे दुसरं उभं असेल तर थांबा, गोळी आरपार जाते. खांद्याच्या लगेच मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात. कळप उधळला तर मागे धावू नका, पळत्या जनावरावर झाडू नका. कधी कधी तीनशे यार्डांवर जाऊन तो थांबतो आणि वळून बघतो. तेव्हाही आपलं अंतर विसरायचं नाही. रस्त्यावरून, रस्त्यापलीकडे किंवा गाडीतून गोळी झाडणं बेकायदा आहे, कितीही सोपं दिसलं तरी.

मांस

जनावर पडलं की आधी त्याच्या जवळ दोन मिनिटं बसा. मग परवान्याचा भाग कापून तारीख आणि सही करा. हे जागा सोडायच्या आधी करायचं असतं. खासगी जमिनीवर असाल तर जमीनमालकाची चिठ्ठी वेगळी असते, ती त्याला द्यायची. तिच्यावर त्याला राज्याकडून मोबदला मिळतो.

प्राँगहॉर्नच्या मांसाला उग्र वास येतो असं ऐकाल. मी खाल्लेलं वासाचं मांस प्रत्येक वेळी उन्हात तापलेलं होतं. त्याचे केस पोकळ असतात, उणे तीस अंशांच्या थंडीत ऊब धरायला बनलेले. सप्टेंबरच्या पंचवीस अंशांत तेच कातडं आतलं मांस शिजवतं. नर असो की मादी, कातडं तासाभरात उतरलं पाहिजे. सुरी टेकवून केसांच्या बाजूने नव्हे, आतून बाहेर कापा, नाहीतर तुटके केस मांसाला चिकटतात आणि ते वेचणं जिकिरीचं. पुठ्ठ्याजवळच्या गंधग्रंथींना हात लागला तर तोच हात मांसाला लावू नका. चारी पाय, पाठीचे दोन लांब तुकडे, आतले दोन कोवळे, मानेचं मांस, सगळं सुती पिशव्यांत. जनावर नर की मादी हे दाखवणारी खूण मांसासोबत ठेवायचा नियम त्या वर्षीच्या पुस्तिकेत वाचा. खाण्याजोगं मांस टाकून येणं गुन्हा आहे.

गाडीत मोठा कूलर आणि पाणी भरून गोठवलेल्या बाटल्या हव्यात. सुटा बर्फ वितळला की मांस पाण्यात पडतं. गाडीपासून दीड मैलावर गोळी झाडायची असेल तर ते ओझं दीड मैल कोण आणणार आणि किती वेळात, याचा हिशेब आधी. एका मादीचं हाडं काढलेलं मांस साधारण चौदा-पंधरा किलो निघतं, पाठीवरच्या पिशवीतून दोन फेऱ्यांत येतं.

डेन्व्हरला परतायला डग्लसहून साडेतीन तास लागतात. घरी आल्यावर तुकडे दोन-तीन दिवस फ्रीजमध्ये जाळीवर उघडे ठेवा, मग कापा. चरबी जवळजवळ नसते, म्हणून पाठीचा तुकडा तव्यावर तुपात, आत गुलाबी राहील एवढाच. मागच्या पायाचं सुक्कं करायचं तर काळा मसाला, सुकं खोबरं, आणि झाकण लावून मंद आंचेवर तासभर. मानेचा खिमा करा. त्यातलं एक पाकीट गोठवून बाजूला ठेवा. लसूणघासवाल्या त्या बाईंना मी दर डिसेंबरमध्ये एक नेऊन देतो. पहिल्या वर्षी त्यांनी ते हातात तोलून बघितलं आणि फाटकाच्या कुलपाचा नंबर सांगितला.